ईसीजी स्वच्छ झाला, पेशंटचं काय?

नमस्कार मंडळी. गंगेवरचा, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदावरीवरचा वारा माईकमध्ये शिरतोय, ऐकू नाही आलं तर हात वर करा. आधी एक करा, अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा. टक, टक, टक... मधेच एक ठोका गायब आणि पुढचा जरा दणकून, असं लागतंय का कुणाला? तो गायब नसतो बरं का, वेळेआधी येऊन गेलेला असतो, फक्त बोटाला लागत नाही. ह्याला एक्स्ट्रा बीट म्हणतात आणि धडधाकट माणसाला तो अधूनमधून येतोच, उगाच घाबरू नका.

पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये असे बीट जास्त असले की अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे डॉक्टरांना दिसत होतं. मग सरळ हिशोब केला, बीट दाबा, माणूस वाचेल. फ्लेकेनाइड, एन्केनाइड ह्या गोळ्या बीट इतके मस्त दाबायच्या की होल्टरची, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी मशीनची पट्टी एकदम स्वच्छ! डॉक्टर खूश, पेशंट खूश.

मग कास्ट (CAST) नावाची ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी झाली. त्यात घेतलेच असे पेशंट की ज्यांचे बीट ह्या गोळ्यांनी खरंच कमी होतात, म्हणजे औषधाला पूर्ण चान्स दिलेला. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण आत औषध नाही, आणि तेव्हा काहीजण म्हणत होते की बिनऔषधाची गोळी देणं हाच अन्याय आहे. एप्रिल १९८९ मध्ये ह्या दोन गोळ्यांचा भाग मधेच बंद करावा लागला. १९९१ ला सविस्तर आकडे छापून आले, खरी गोळी घेणारे ७५५, त्यातले ६३ गेले, नुसती गोळी घेणारे ७४३, त्यातले २६. आणि हे सरासरी दहा महिन्यांत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं कॉलम उलटे छापलेत.

असं का व्हावं? आपल्या नाशिकचा तो गर्दीचा चौक, द्वारका सर्कल डोळ्यासमोर आणा. अटॅकनंतर हृदयात एक डाग राहतो, ठोका चालवणारा विजेचा करंट त्याला वळसा घालून जातो. ह्या गोळ्या सोडियमची वाट अडवून करंट हळू करतात, इतका हळू की तो वळसा घालून येईपर्यंत सुरुवातीची जागा परत तयार झालेली असते, मग तो पुन्हा आत शिरतो आणि गोल गोल फिरत बसतो. बारीकसारीक बीट गेले पण हे भलतंच सुरू झालं.

म्हणून फ्लेकेनाइड वाईट असं नाही हां, हृदयाची रचना नीट असेल तर एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे वेडेवाकडे थरथरतात त्या आजारात, ते आजही देतात. आणि अमिओडॅरोन हे ठोक्यांचंच दुसरं औषध, जे तुमच्यातले कुणीतरी घेत असणारच, त्याच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असतं, म्हणून डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतात, ती टेस्ट पैसे काढायला नसते.

काय म्हणता काकू? गोळी बंद करू का? अजिबात नाही! घरी जाऊन डबीतली एकही गोळी स्वतःच्या मनाने कमी करायची नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा फक्त एवढं विचारा, ही गोळी माझ्या पट्टीसाठी आहे की माझ्यासाठी?