सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर

(दृश्य: स्वयंपाकघराचा ओटा. प्लॅस्टिकचा एक डबा उघडतो.)

डबा श्रीखंडाचा. आता त्यात शुगर, बीपी, थायरॉइड, गुडघे आणि हाडं अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात. कराडजवळच्या एका गावातल्या 72 वर्षांच्या आजींचा हा डबा.

"ही पांढरी साखरेची, ही बारकी थायरॉइडची. आन् ही गुलाबी..." आजी अडखळतात. "ती सूनबाईला ठावं."

सूनबाईही पट्टी उलटीपालटी करून बघतात. दुकानदारानं कात्रीनं पाच गोळ्या कापून दिल्या आणि नाव राहिलं त्याच्याकडच्या तुकड्यावर.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) देशव्यापी पाहणीनुसार भारतात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी साधारण 35 टक्क्यांना उच्च रक्तदाब. तक्त्यात हे रकाने वेगळे, घरात बऱ्याचदा माणूस एकच. उपचार मात्र रकान्यांप्रमाणेच चालतात. शुगरचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, फायलीही वेगळ्या.

(दृश्य: आजी पाय पसरून बसल्या आहेत. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडतो.)

बीपीच्या टेल्मिसार्टनला जोड म्हणून अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत घोटे सुजले. या औषधानं अशी सूज येते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. पण आजी सूज दाखवायला गेल्या दुसऱ्याच दवाखान्यात. तिथं लघवीची गोळी मिळाली. ती आजी रात्रीच्या जेवणानंतर घेत. मग रात्रभर भिंत धरून न्हाणीपर्यंत खेपा, आणि सकाळी गुडघे धरलेले. त्यावर तिसऱ्या ठिकाणाहून डायक्लोफेनॅक. अशा वेदनाशामक गोळ्यांनी मुळात बीपी वाढू शकतो. शिवाय टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि असं वेदनाशामक हे त्रिकूट जमलं, की किडनीवर ताण येतो. ज्या बीपीपासून किडनी वाचवायची, त्याच्याच उपचारांच्या गर्दीत ती सापडते.

एकेक चिठ्ठी सुटी वाचली तर कुणाला फारसा दोष देता येत नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचायचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं.

सकाळची गंमत आणखी वेगळी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासानं. कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर थायरॉइडचं औषध अंगी नीट लागत नाही. आजी सगळं एकदम चहाबरोबर घ्यायच्या. "एकदा गिळून मोकळं." मग रिपोर्ट बिघडलेला यायचा, आणि डोस वाढायचा.

(दृश्य: देवघर. वाटीत शेंगदाणे.)

एकादशीला आजी दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाण्यांवर. शुगरची ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोजच्यासारखीच. ही गोळी पोटात अन्न आहे की नाही, हे बघत नाही; साखर खाली आणतेच. दुपारी घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. घरच्यांना वाटलं, उपवास बाधला. किडनी मंदावलेली असेल तर हा धोका आणखी वाढतो. उपवास सोडा म्हणून उपयोग नाही, आजी ऐकायच्या नाहीत. पण त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे आधी विचारता येतं. तेवढं कुणी विचारलं नव्हतं.

(दृश्य: तालुक्याच्या ठिकाणचा दवाखाना. डबा टेबलावर उपडा होतो.)

या वेळी सूनबाई फायलींऐवजी डबाच घेऊन आल्या आहेत. आयुर्वेदिक चूर्ण, शेजारणीनं दिलेली कंबरदुखीची गोळी, सगळं त्यात. डॉक्टर पट्ट्या लावून घेतात. पहिल्याच फेरीत अ‍ॅसिडिटीच्या दोन पट्ट्या बाजूला निघतात. कंपन्या दोन, आतलं औषध एकच. डायक्लोफेनॅक बंद. अ‍ॅम्लोडिपिन बदलायचं, म्हणजे सुजेवरची गोळीही कदाचित लागणार नाही. तळपायांच्या मुंग्यांसाठी नवी गोळी देण्याआधी बी-12 जीवनसत्त्व तपासायचं, कारण वर्षानुवर्षं शुगरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, दोन आठवड्यांनी पुन्हा. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8 टक्क्यांच्या आत असली तरी या वयात, इतक्या आजारांत चालेल; 6 च्या हट्टापायी चक्कर येऊन पडणं परवडायचं नाही.

आजी एवढा वेळ गप्प होत्या.

"आन् गुडघ्याचं काय?"

"पॅरासिटामॉल, तेही दुखेल तेव्हाच. आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. रोज. आत्ता करून दाखवा बघू, आजी."

सूनबाई खुर्ची पुढं ओढतात.