फाईलचं पहिलं पान

(दृश्य : बेळगाव बसस्थानक, सकाळ. खानापूरची बस लागते. आई, आठ-नऊ वर्षांचा मुलगा, काखेत प्लास्टिकची पिशवी. मुलगा कठड्याला धरून पायरी उतरतो.)

निवेदन :

पहाटे घर सोडायचं, दवाखान्यात नंबर लावायचा, दुपारी कधीतरी आत जायचं आणि पाच मिनिटांत बाहेर यायचं. खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही या, हिशेब हाच. त्या पाच मिनिटांत पुष्कळदा दोनच वाक्यं कानावर पडतात. ‘याला औषध नाही. घरी न्या, मागेल ते खायला घाला.’

आजाराचं नाव ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. दवाखान्यात डीएमडी म्हणतात. स्नायूंना आधार देणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात बनत नाही, म्हणून स्नायू हळूहळू झिजतात. आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. तो पूर्ण बरा करणारं औषध नाही, तेवढ्यापुरतं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं वाक्य मात्र मुलाचं नुकसान करतं, कारण स्नायूंची झीज मंदावण्यासाठी दिलेलं स्टिरॉइड चालू असताना ‘मागेल ते’ खाल्लं की वजन वाढतं आणि वाढलेल्या वजनाने चालणं लवकर सुटतं.

(दृश्य : जमिनीवर बसलेला मुलगा. दोन्ही हात मांड्यांवर टेकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो.)

हे उठणं एकदा पाहिलेला डॉक्टर विसरत नाही. पण तालुक्याच्या गावी अख्ख्या कारकिर्दीत असे एक-दोनच पेशंट येतात. म्हणून सुरुवातीला ‘आळशी आहे’, ‘लाडावलाय’, ‘पोटऱ्या बघा कशा भरल्यात, अशक्त कसला?’ असं ऐकावं लागतं. फुगलेल्या पोटऱ्या हेच या आजाराचं लक्षण आहे. वाद घालून हे पटत नाही, मोबाईलवर दाखवलं की पटतं. वीस-तीस सेकंदांचे तीन व्हिडिओ काढून ठेवा : जमिनीवरून उठताना, चार पायऱ्या चढताना, दहा मीटर चालताना. प्रत्येकाला किती सेकंद लागले ते कागदावर लिहा, खाली तारीख टाका. दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा.

आणखी एक ठरलेली चूक लिव्हरची. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात आणि काविळीची औषधं सुरू होतात. हे दोन्ही स्नायूंमधूनही बाहेर पडतात. अशा वेळी विचारायचं, ‘सर, सीपीके आणि जीजीटी करू या का?’ सीपीके हा स्नायूंच्या झिजेचा आकडा साधारण दोनशेच्या आत असतो, डीएमडीत तो बहुधा दहा हजारांच्या वर जातो. जीजीटी लिव्हरमधून येतो, स्नायूंमधून नाही, म्हणून तो नॉर्मल आला तर बहुधा लिव्हरचा दोष नाही.

पुढे जनुकाची तपासणी. आधी एमएलपीए, म्हणजे जनुकाचा एखादा तुकडा गहाळ किंवा दुप्पट आहे का ते पाहणारी तपासणी, त्यात साधारण 100 पैकी 70 ते 80 मुलांचा दोष सापडतो. नाही सापडला तर जनुकाचं पूर्ण सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरन्‌अक्षर वाचन. दोष एकदा पक्का सापडला की तपासणी पुन्हा करायची नसते. मिरजेचा रिपोर्ट बेळगावात आणि बेळगावचा मिरजेत बाजूला सारून ‘परत करून आणा’ म्हणणारे भेटतात. ‘आधीच्या रिपोर्टात काय कमी आहे ते लिहून द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा गरज संपते.

(दृश्य : ओपीडीचं दार. आत डॉक्टर, समोर मुलगा, आई, आजी.)

आता बोलण्याबद्दल. ‘किती वर्षं जगेल?’ याचं उत्तर मुलाच्या देखत दिलं जातं. नऊ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. डॉक्टरने तोंड उघडायच्या आत सांगायचं : ‘डॉक्टर, त्याच्यासमोर नको, त्याला बाहेर बसवतो.’ कन्नडमध्ये सांगायचं तर, ‘मगन मुंद ब्याड्री, होरग माताडूणरी.’ हे एक वाक्य पाठ असू द्या. जड वाटलं तरी चालेल, मुलगा बाहेर जातो हे महत्त्वाचं. आणि आयुष्याच्या वर्षांचा जुना आकडाही मानून बसू नका. स्टिरॉइड, हृदयाची औषधं आणि रात्री श्वासाला मदत करणारं मशीन मिळालेली मुलं आता तिशीपर्यंत आणि पुढेही जगताना दिसतात.

दुसरं बोलणं आणखी वाईट, आणि ते सासूच्या देखत येतं : ‘आईकडून आलंय.’ किंवा, ‘मामाच्या मुलीशी लग्न केलंत, मग काय होणार?’ आपल्या भागात मामाची मुलगी करतात, त्यामुळे हा टोला नेमका बसतो. पण डीएमडीचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. मुलग्याला ते आईकडूनच मिळतं, बापाकडून नाही, म्हणून नात्यातल्या लग्नाने त्याचा धोका वाढत नाही. (स्नायूंचे दुसरे काही आजार आहेत, ज्यांत वाढतो. म्हणून आजाराचा नेमका प्रकार रिपोर्टात लिहिलेला हवा.) साधारण तीनात दोन आया वाहक असतात, म्हणजे त्यांच्या जनुकात दोष असतो पण आजार सहसा दिसत नाही, तिसरीच्या बाबतीत दोष मुलामध्येच नव्याने झालेला असतो. कोणी काही केलं म्हणून तो होत नाही.

आईची रक्ततपासणी तरीही करायची, कारण ती वाहक असेल तर प्रत्येक पुढच्या मुलग्याला निम्मी शक्यता आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची निम्मी शक्यता. मावशी आणि बहीण यांनाही हे सांगावं लागतं. वाहक बाईने स्वतःच्या हृदयाचा इकोही (हृदयाची सोनोग्राफी) अधूनमधून करून घ्यावा, हे तिला सहसा कोणी सांगत नाही. आईचा रिपोर्ट निर्दोष आला तरी पुढच्या गरोदरपणात धोका पूर्ण शून्य होत नाही. ‘गर्भाची तपासणी कायद्याने बंद आहे’ असं सांगून परत पाठवतात, ते चूक. गर्भलिंग तपासणीच्या 1994च्या कायद्यात लिंगाशी जोडलेल्या अनुवांशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीला परवानगी आहे. ती साधारण 11 ते 13 आठवड्यांत होते, म्हणून मुलाचा जनुक रिपोर्ट त्याआधी हातात असावा लागतो.

(दृश्य : टेबलावर फाईल उघडते. वरचं एक पान, मोठ्या अक्षरात.)

फाईल दोनशे पानांची असते आणि डॉक्टर ती चाळत नाही. यात सगळा दोष त्याचा नाही. म्हणून पहिलं पान वेगळं, इंग्रजीत, एका बाजूवर मावणारं : आजाराचं नाव, जनुकातला दोष, वजन, चालू औषधं मिलिग्रॅमसकट, शेवटच्या इकोची तारीख, नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टचा फोन. आणि खाली चौकटीत, लाल पेनाने, तीन इशारे.

पहिला इशारा भुलीचा. हर्निया असो, दात असो, हात मोडलेला असो, सक्सिनिलकोलिन (भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं इंजेक्शन) द्यायचं नाही आणि हॅलोथेन, सेव्होफ्लुरेनसारखी श्वासातून देण्याची भूल टाळायची. या मुलांत त्याने स्नायू फुटतात, रक्तात पोटॅशियम एकदम चढतं आणि हृदय थांबू शकतं. भूल शिरेतून देता येते. ‘आम्हाला शिकवू नका’ हे उत्तर इथेच सर्वांत महाग पडतं. भूलतज्ज्ञ ऐकत नसेल आणि ऑपरेशन तातडीचं नसेल तर टेबलावरून उठून यावं.

दुसरा, स्टिरॉइड अचानक बंद करायचं नाही. प्रेडनिसोलोन दर किलोला दिवसाला 0.75 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलाला 15. त्याऐवजी डिफ्लाझाकॉर्ट असेल तर 0.9, म्हणजे 18. नवा डॉक्टर जाड चेहरा बघून ‘हे विष कोणी दिलं?’ म्हणतो आणि गोळी काढून टाकतो. महिनोन्महिने बाहेरून मिळालेलं असल्याने शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवत नसतं. मग उलट्या, रक्तदाब खाली, बेशुद्धी. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, इंजेक्शन लागू शकतं.

तिसरा इशारा मोठ्या मुलांसाठी. धाप लागली म्हणून नुसता ऑक्सिजन लावून ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साठत जातो. रक्तातले वायू तपासायला सांगा, बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं मशीन) विचारा. मांडीचं हाड मोडल्यावर एक-दोन दिवसांत धाप किंवा गोंधळ दिसला तर वाट बघू नका.

काही करण्यासारखं नाही म्हणणाऱ्याला प्रश्न नेमका विचारायचा : ‘इको कधी? फुफ्फुसाची तपासणी कधी? पावलांना आधार देणारा रात्रीचा स्प्लिंट कुठे मिळेल?’ इको आजार कळताच आणि मग दरवर्षी. इको चांगला असला तरी दहाव्या वर्षाच्या आसपास हृदयाच्या संरक्षणाची गोळी सुरू करावी, अशी शिफारस आहे. उत्तर नसेल तर ‘बेंगळूरला निमहान्सला चिठ्ठी द्या’ म्हणा (मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचं सरकारी रुग्णालय). चिठ्ठी मागणं म्हणजे अपमान नव्हे.

(दृश्य : सरकारी कार्यालयाचा व्हरांडा, खुर्च्या, अर्ज.)

अपंगत्वाच्या दाखल्याला गेलं की, ‘चालतोय की, कशाला दाखला?’ 2016च्या कायद्यातल्या 21 अपंगत्वांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव स्वतंत्र आहे. टक्केवारी आज कमी भरली तरी आजार वाढतो, पुन्हा तपासणी मागता येते. बऱ्याच सवलती 40 टक्क्यांपासून पुढे मिळतात. एक बारीक गोष्ट : आधारवर, कन्नड शाळेच्या दाखल्यावर आणि मराठी रिपोर्टवर नाव वेगवेगळं असेल तर अर्ज तिथेच अडतो. आधी नाव जुळवा.

वागणूक फारच खालच्या पातळीची असेल तर तक्रार लेखी. कर्नाटकातल्या खासगी दवाखान्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण प्राधिकरण आहे. डॉक्टरविरुद्ध कर्नाटक मेडिकल कौन्सिल. चंदगड, गडहिंग्लज, मिरज इथला डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. सीमेपलीकडची तक्रार इकडे टाकून वर्ष घालवू नका. ॲडमिट केलं होतं तर कागदपत्रं लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. नियमाने 72 तासांत मिळायला हवीत. दवाखान्यावर ती तीनच वर्षं ठेवण्याचं बंधन आहे, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच प्रत मागावी.

(दृश्य : वजनकाटा. मुलगा कठड्याला धरून वर चढतो. आई पहिल्या पानावरचा जुना आकडा खोडून नवा लिहिते, शेजारी तारीख टाकते.)