जोड दिसता कामा नये

हे हात माझ्या मामांचे. अंगठ्यावरची ती जुनी खूण दिसतेय ना, ती नाशिकजवळच्या ओझरची, मिग लढाऊ विमानाच्या पत्र्याने दिलेली. एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, तिथला नाशिकचा कारखाना १९६४ ला मिग-२१ साठीच उभा राहिला, आधी एफएल, मग एम, मग बिस अशा त्याच्या आवृत्त्या तिथून निघाल्या, आणि मामा विशीत तिथे लागले ते रिव्हेटिंगला, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी पत्रे जोडायच्या कामाला. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आणि तेच मिग-२१ बिस ते गॅलरीतल्या टेबलावर प्लास्टिकच्या किटमधून बनवतायत, १:४८ चं. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, इथे जेमतेम १५ सेंटिमीटर.

कॉकपिटचं रंगकाम आम्ही कॅमेरा घेऊन पोचायच्या आधीच उरकलं होतं. त्यामुळे सुरुवात इथून, विमानाच्या धडाची डावी आणि उजवी बाजू.

आता नीट बघा. मामा आधी गोंद लावत नाहीत. दोन्ही बाजू कोरड्याच जुळवून बघतात, उजेडासमोर धरतात, फट कुठे राहते ते बघतात. जोडाच्या कडेवर रंग सांडला असेल तर खरवडून काढतात, कारण रंगावर हा गोंद धरत नाही. मग ही हिरव्या झाकणाची बाटली, तामिया कंपनीचा एक्स्ट्रा थिन गोंद, ४० मिली. पाण्यासारखं पातळ. दोन बाजू एकमेकींना टेकवून धरायच्या आणि ब्रशचं टोक नुसतं फटीला लावायचं, की बघा, कसं आपोआप पळत गेलं फटीतून! हा गोंद मुळात चिकटवत नाहीच, तो पॉलिस्टायरीन, म्हणजे किटचं प्लास्टिक, विरघळवतो, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि द्राव उडून गेला की तिथे दोन तुकडे उरतच नाहीत, एकच प्लास्टिक होतं. मामा म्हणतात, "रिव्हेट नाही रे हे, वेल्डिंग आहे."

थोडं दाबलं की जोडातून वितळलेल्या प्लास्टिकची ही बारीक कड वर येते. ती यायलाच हवी, फट आतपर्यंत भरल्याची ती खूण. बोटाने पुसायला गेलात तर बोटाचा ठसा कायमचा विमानावर.

आणि मग थांबायचं. निदान एक पूर्ण दिवस. घाई करून घासलं तर जोड वरून सपाट दिसतो पण आतला द्राव अजून उडतच असतो, प्लास्टिक हळूहळू आक्रसतं, आणि रंग दिल्यावर काही दिवसांनी तीच रेघ परत वर येते.

जिथे फट मोठी तिथे मामा पुट्टी वापरत नाहीत. किटच्या फ्रेमचे उरलेले तुकडे, स्प्रू म्हणतात त्याला, ते याच गोंदात विरघळवून ठेवलेत त्या छोट्या बाटलीत. "भरण पण त्याच जातीचं पाहिजे, म्हणजे दोन्ही सारखंच झिजतं." फेविक्विकने भरलं तर ते प्लास्टिकपेक्षा कडक होऊन बसतं, मग घासायचा पेपर आजूबाजूचं प्लास्टिकच खातो, म्हणून ते वापरलंच तर त्याच दिवशी घासून मोकळं व्हायचं.

आता घासणं. आइस्क्रीमच्या काडीला वॉटर पेपर चिकटवलाय, खरखरीत ४०० नंबरपासून सुरुवात, मग आणखी बारीक ६००, ८००, १०००, शेवटी १५००, आणि पाण्यात बुडवून बुडवून. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे ओरखडे पुसतो, मधला एक नंबर गाळला तर ते ओरखडे थेट रंगातून दिसतात. मनगट हलत नाहीये बघा, हलतोय तो कोपर. ही सवय ओझरची असणार असं मला वाटतं, मामा हो पण म्हणत नाहीत आणि नाही पण. धूळ आणि गोंदाचा वास दोन्ही वाईट, म्हणून खिडकी उघडी आणि तोंडाला मास्क.

घासताना जोडाला आडव्या जाणाऱ्या पॅनेलच्या, म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या, कोरलेल्या रेघाही पुसल्या जातात. त्या सुईने परत ओढायच्या, कडक टेपची पट्टी लावून, हलक्या हाताने चार-पाच वेळा. लोक मॉडेल बघायला येतात तेव्हा रंगाचं कौतुक करतात, नंबरांचं करतात, पण मला विचाराल तर मॉडेल इथे बनतं, या पोटाखालच्या १ मिलिमीटरात, जिकडे कोणी वाकून बघत नाही.

कॉकपिटवरचा काचेसारखा पारदर्शक भाग तेवढा फेविकॉलने. फेविक्विकच्या वाफेने काच पांढुरकी होते.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं. अपघातही पुष्कळ झाले या विमानाचे, वैमानिक गेले.

हा करड्या प्राइमरचा, म्हणजे रंगाआधीच्या थराचा हात. खोटं लपत नाही याच्यात. मामा विमान उलटं करतात, खिडकीकडे नेतात. शेपटीच्या खाली, दोन सेंटिमीटर, केसाएवढी रेघ. मला तर कॅमेरातूनही दिसत नव्हती.

६०० चा पेपर परत पाण्यात.