मोड येत नाहीत? आधी पाणी निथळा

नमस्कार मंडळी! "मटकी रात्रभर भिजवली, बांधून ठेवली, मोड तर नाहीतच, वर वास सुटला." ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बहुतेक वेळा घोटाळा भिजवण्यात नसतो, निथळण्यात असतो.

(मटकीची वाटी कॅमेऱ्यासमोर)

ही एक वाटी मटकी, निवडून धुतलेली. भरपूर कोमट पाण्यात आठ तास ठेवायची. सकाळी भिजवा, रात्री उपसा. जास्त भिजली तर जास्त मोड येतील, असं नसतं हो! पाणी प्यायलेला दाणा जागा होतो, श्वास घ्यायला लागतो. तो पाण्याखालीच राहिला तर गुदमरतो. पाण्यावर फेस दिसला, की समजायचं मटकी आंबायला लागली.

आता चाळणीत उपसा आणि पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. इथेच सगळे घाई करतात. पाणी गळत असतानाच बांधलं, की ते तळाशी साचतं आणि तिथूनच मटकी चिकट होते. फडकं सुती घ्या, ओलं करून घट्ट पिळलेलं. जुना स्वच्छ पंचा उत्तम. पुरचुंडी सैल बांधा, चाळणीत ठेवा, खाली ताटली, वर अर्धवट झाकण.

मोड येताना दाण्यांतून उष्णता बाहेर पडते. किलोभर मटकी एकत्र बांधलीत तर मध्ये हात घालून बघा, चांगली गरम लागेल. अशा उबेत जंतूंचंही फावतं. म्हणून जास्त असेल तर दोन-तीन पुरचुंड्या करा, आणि सकाळ-संध्याकाळ धुऊन पुन्हा निथळा.

मे महिन्यात रात्री बांधलेल्या मटकीला सकाळी मोड दिसतात. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे दीड दिवसही लागतो. तेव्हा कॅसरोलमध्ये ठेवा, पण झाकण किंचित उघडं. हवे तेवढे मोड आले, की फ्रिजमध्ये. थंडीत वाढ मंदावते.

काही दाणे टणकच राहतात, ते गणंग. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरतच नाही. वेचून टाका, नाहीतर उसळीत दाताखाली येतील. पण निम्मी मटकी तशीच राहिली तर माल जुना आहे, दुकान बदला. आणि शेतीच्या बियाण्याच्या दुकानातलं रंग लावलेलं बियाणं मोडांसाठी कधीच आणू नका. त्याला औषध चोळलेलं असतं.

कच्चे मोड खावेत का? मी वाफवूनच खाते. जी ऊब आणि ओल मोडांना लागते, तीच जंतूंनाही आवडते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलायची साथ पसरली, ५०हून जास्त माणसं दगावली. लहान मुलं, गरोदर बायका, वयस्कर मंडळी यांना तर शिजवूनच द्या. वाळलेल्या मुगात क जीवनसत्त्व नावालाच असतं, मोड आले की ते वाढतं, शिजवताना पुन्हा बरंच कमी होतं. मग काय, वरून लिंबू पिळा! राजम्याचं मात्र वेगळं. मोड आलेला असो वा नसो, तो कच्चा खायचाच नाही. किमान दहा मिनिटं खळखळून उकळायला हवा, नाहीतर उलट्या-जुलाब ठरलेले.

(दुसरी पुरचुंडी उघडत)

आता माझे लाडके कडवे वाल. श्रावणी सोमवारी बिरडं करायचं तर तयारी शनिवारीच सुरू करावी लागते. शनिवारी सकाळी भिजवायचे, मध्ये एकदा पाणी बदलायचं. ते पाणी उग्र वासाचं असतं, ओतून द्या. रात्री निथळून बांधायचे. सोमवारी सकाळी हे असे मोड येतात. वाल सोलायचे असतात, आणि मोडांमुळे साल सैल होते. आता हे कोमट पाण्यात टाकते. दहा मिनिटांनी दोन बोटांत धरून दाबायचं... बघा, डाळिंबी सुळकन बाहेर! जोरात दाबलंत तर ती थेट ओट्याखाली जाते.

चला, उरलेल्या सोलून घेते. हाताशी कुणी असेल तर त्यालाही बसवा, हे एकट्याचं काम नाही.