बॅटमॅनने जोकरला ठार का मारू नये: नेहमी गाळली जाणारी एक पायरी

नमस्कार. सुपरहीरो आणि नीतिशास्त्र या विषयावर मी बोलू लागल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: बॅटमॅन जोकरला एकदाचा संपवून का टाकत नाही? आज मी फक्त याच प्रश्नावर बोलणार आहे, कारण त्याच्या प्रचलित उत्तरांमध्ये एक महत्त्वाची पायरी सतत गाळली जाते आणि तिच्याशिवाय सगळी चर्चा भलतीकडे जाते.

पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बॅटमॅन हा कॉमिक्समधला नायक १९३९ मध्ये आला आणि त्याचा कट्टर शत्रू, खुनी जोकर, १९४० मध्ये. सुरुवातीच्या कथांत बॅटमॅनच्या हातून माणसे मरत असत. हत्या न करण्याचा दंडक संपादकांनी नंतर घातला. जोकरसुद्धा पहिल्याच अंकात मरणार होता, पण संपादकांच्या सांगण्यावरून त्याला जिवंत ठेवण्यात आले. नियम धंद्याच्या गरजेतून आला म्हणून तो नैतिकदृष्ट्या पोकळ ठरत नाही, कारण नियम कुठून आला आणि तो योग्य आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

आता मूळ वादाकडे येऊ. एक बाजू म्हणते की एक मेला तर शेकडो वाचतील. दुसरी म्हणते की हत्या ही हत्याच असते. मग कोणीतरी ट्रॉलीचे उदाहरण काढतो. फिलिपा फूट या तत्त्वज्ञ स्त्रीने १९६७ मध्ये मांडलेल्या या पेचात ताबा सुटलेली ट्रॉली पाच माणसांच्या दिशेने येत असते आणि ती वळवली तर दुसऱ्या रुळावरचा एकच माणूस मरणार असतो. अनेकांना वळवणे योग्य वाटते आणि त्यावरून ते निष्कर्ष काढतात की जोकरला मारणेही योग्यच आहे.

गाळलेली पायरी इथेच आहे. ट्रॉली आणि त्या पाच माणसांच्या मध्ये कोणीही उभे नसते. जोकर मात्र बॅटमॅनच्या हाती लागतो तेव्हा जेरबंद झालेला असतो, आणि त्याच्या पुढच्या बळीपर्यंतच्या वाटेवर त्याला जिथे ठेवतात त्या अर्खम मनोरुग्णालयाचे डॉक्टर, पहारेकरी, न्यायालय, बॅटमॅनच्या गॉथम शहराचे प्रशासन आणि स्वतः जोकरची इच्छा, एवढे सगळे उभे असते. म्हणजे बॅटमॅनपुढचा प्रश्न ‘एक की शंभर’ असा नाही. बांधून ठेवलेल्या माणसाला, तो उद्या काय करेल आणि इतर उद्या काय करणार नाहीत याच्या अंदाजावरून, आज मारण्याचा अधिकार कोणाला आहे, हा तो प्रश्न आहे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहा. २००५ च्या एका कथेत मॅक्सवेल लॉर्ड हा खलनायक सुपरमॅनच्या मनाचा ताबा घेतो. वंडर वूमन ही महाशक्तिमान नायिका त्याला सत्य वदवणाऱ्या दोराने बांधून विचारते की सुपरमॅनला मुक्त कसे करायचे, आणि तो सांगतो की मला ठार मारूनच. ती त्याला मारते. तिच्या या कृतीवर वाद होऊ शकतो, आणि बॅटमॅन व सुपरमॅन दोघांनीही तिच्याकडे पाठ फिरवली. तरीही तिथे तो माणूस बांधलेला असूनही धोका चालू होता, आणि मध्ये उभी राहू शकेल अशी कोणतीही संस्था नव्हती. बांधल्यावर जोकरचा धोका थांबतो; मॅक्सवेल लॉर्डचा थांबला नाही. ज्यांना या दोन प्रसंगांत फरक दिसत नाही, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी क्षणभर बळींचा आकडा बाजूला ठेवून फक्त एवढेच पाहावे.

तिसरी बाजू १९९६ च्या ‘किंग्डम कम’ या कॉमिक्समध्ये आहे. तिथे मॅगॉग नावाचा नायक पोलिसांच्या ताब्यातल्या जोकरला ठार मारतो, खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो. जोकरने त्याआधी सुपरमॅनची पत्नी लोइस लेन हिच्यासह अनेकांचे प्राण घेतलेले असतात, त्यामुळे लोकांचा संताप समजण्यासारखा आहे. परंतु सुपरमॅन त्या निकालानंतर सार्वजनिक जीवनातून निघून जातो आणि पुढच्या पिढीच्या महाशक्तिमान नायकांना मॅगॉगचे उदाहरण पुरते. जोकर मेला, पण ‘मला खात्री आहे’ एवढ्यावर मारण्याची मुभा मागे उरली, आणि ती फक्त जोकरपुरती राहू शकत नव्हती.

तुमच्या काही प्रतिक्रियांमध्ये जोकरचे सगळे बळी सरळ बॅटमॅनच्या खाती मांडलेले असतात, आणि हे वाचून मला मनापासून वाईट वाटते. खून करणारा बाजूला राहतो, त्याला निसटू देणारी व्यवस्था बाजूला राहते आणि ज्याने त्याला जिवावर उदार होऊन पकडले, तोच गुन्हेगार ठरतो. आपण जे करतो आणि जे रोखत नाही, त्या दोन्हींसाठी आपण सारखेच जबाबदार आहोत, या कल्पनेवर बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी १९७३ मध्ये कठोर टीका केली होती. ती कल्पना मान्य केली तर जगातला कोणीही दुष्ट माणूस आपल्या धमकीच्या बळावर आपल्याकडून काहीही करून घेऊ शकतो.

कोणी म्हणेल की मग लोकांचे मत घ्यावे. १९८८ मध्ये प्रकाशकांनी बॅटमॅनचा तरुण साथीदार असलेला दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, जगावा की मरावा यावर वाचकांचा दूरध्वनीवरून कौल घेतला होता. मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जगण्याच्या बाजूने ५,२७१ मते पडली, आणि ७२ मतांच्या फरकाने तो जोकरच्या हातून मेला. काल्पनिक पात्राचा निकालही मला अस्वस्थ करतो, कारण बहुमत मिळाले म्हणून मारण्याचा अधिकार मिळतोच असे नाही.

बॅटमॅन तरी कुठे कायदा पाळतो, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. फौजदारी वकिली करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीशी मी यावर बोललो, तेव्हा तिने हत्येपेक्षा वेगळीच अडचण दाखवली: मुखवटा घातलेल्या साक्षीदाराची उलटतपासणी करायची कशी? तिचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. बॅटमॅन अधिकाराशिवायच काम करतो, आणि म्हणूनच पकडलेल्याला इतरांच्या स्वाधीन करण्याची मर्यादा त्याच्या बाबतीत अधिक आवश्यक ठरते. ती गेली तर तपास, न्याय आणि शिक्षा हे सगळे एकाच बिननावाच्या माणसाच्या हाती येते.

यामुळे तो सर्व दोषांतून मुक्त होतो असे मी मानत नाही. जोकर वारंवार निसटतो हे त्याला ठाऊक आहे, आणि ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, अतिशय श्रीमंत आहे. अर्खम सुरक्षित करण्यासाठी तो पुरेसे करतो का, हा प्रश्न त्याला अवश्य विचारावा, आणि माझ्या मते तो तिथे कमी पडतो.

शेवटी, जोकरने एखाद्या मुलाच्या गळ्याला सुरी लावली असेल आणि दुसरा कोणताही उपाय उरला नसेल तर काय, असे काहींनी विचारले आहे. तर बॅटमॅनने त्याला मारावे. तिथे जोकर जेरबंद नाही, मध्ये कोणी उभे नाही आणि मूल त्या क्षणी मरणार आहे. आज मी जे मांडले त्याच्याशी हे उत्तर कुठेही विसंगत नाही.