सव्वीस म्हणजे किती?

(पुण्यातल्या सायकलवाल्यांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'डांबर आणि माती : माउंटन बाइकला टायर कोणता?' मला चाळीस मिनिटं दिली आहेत. त्यातली पाच माइक नीट करण्यात गेली. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी बाहेर सायकल कुलूप लावून ठेवलीय आणि निम्मे कारनं आलेत. टायरबद्दल जास्त ठाम मतं कारवाल्यांचीच असतात, हा माझा अनुभव आहे. (हशा)

आधी जरा हात वर करा. माउंटन बाइक कुणाकुणाकडे आहे? बरेच आहात. आता, गेल्या महिन्यात त्या सायकलच्या चाकांना माती कुणाकुणाच्या लागली? सोसायटीच्या बागेतली धरायची नाही. बघा, हात कसे भराभर खाली आले. लाजू नका, माझंही तेच आहे. रविवारी मी कोथरूडातून निघतो, खडकवासला, डोणजे करत पानशेतच्या रस्त्याला लागतो आणि मध्येच धरणाकडे उतरणारी एखादी मातीची वाट धरतो. एकदा मीटर लावून मोजलं. एकूण ४६ किलोमीटर, त्यात माती ९. घरी आल्यावर मात्र 'आज ट्रेलवर गेलो होतो' असंच सांगतो. त्या सदतीस किलोमीटर डांबराचं नाव कोणी काढत नाही.

माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो, कारण शेवटी वेळ उरणार नाही हे मला इथूनच दिसतंय. टायरची जाडी ही एक गोष्ट आणि टायरचे दात ही दुसरी. दुकानात दोन्ही एकाच टायरवर येतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. आपल्यासारख्या अर्ध्या रस्त्याच्या, अर्ध्या वाटेच्या माणसानं जाडी ठेवावी आणि दात काढून टाकावेत. दात म्हणजे टायरवरचे ते रबराचे उंचवटे, सायकलवाले ज्यांना नॉब म्हणतात. मी दात म्हणतो. या वयात तोच विषय जास्त जवळचा आहे. (हशा)

पण टायर निवडायचा म्हणजे आधी तो चाकावर बसायला हवा. आणि इथं मला माझं एक जुनं दुखणं सांगायचंय.

मुलगा शिकायला जर्मनीला गेला तेव्हा त्याची माउंटन बाइक पार्किंगमध्ये ठेवून गेला. २६ इंची चाकं, जाड टायर. दोन पावसाळे तिनं तिथंच काढले. मी निवृत्त झालो, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सायकल सांगितली आणि मी तिच्यावरची धूळ झटकली. टायरच्या बाजूंना भेगा पडल्या होत्या. नवा टायर आणायला पेठेतल्या एका दुकानात गेलो. कुठलं दुकान ते विचारू नका, ब्रेकची रबरं मी अजून तिथूनच आणतो.

म्हटलं, "टायर द्या." "कितीचा?" "सव्वीसचा." मालकांनी पेपरातून मान वर न काढता हात वर केला आणि खुंटीवरचा टायर काढून दिला. जरा बारीक दिसत होता. मला वाटलं, छान, डांबरावर पळेल.

आता टायर चढवताना शेवटच्या वितीला अंगठे कसे सोलवटतात, हे तुम्हाला सांगायला नको. हा टायर मात्र अलगद चढला. इतका अलगद, की मला माझ्याच हातांचं कौतुक वाटलं. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "ढगळ नाही का वाटत?" मी म्हटलं, "हवा भरली की बसेल." पंप मारायला लागलो. वीसेक हात झाले असतील, ट्यूब एका बाजूनं बाहेर डोकावायला लागली, कढईत पुरी एका अंगानं फुगते तशी. मी म्हटलं, अजून थोडी भरली की आत जाईल. हा विचार माझ्या डोक्यात कुठून आला, देव जाणे. मी इंजिनिअर आहे. आणि मग जो बार उडाला, खालच्या मजल्यावरचे आजोबा आमचा गॅसचा सिलिंडर बघायला धावत वर आले.

दुसऱ्या दिवशी टायर घेऊन दुकानात. मालकांनी टायर पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "टायर बरोबर आहे. तुमची रिम चुकलीय." पुण्यात गिऱ्हाईक चुकतं हे मला माहीत होतं. गिऱ्हाइकाची रिमसुद्धा चुकते हे त्या दिवशी कळलं. (हशा)

आणि गंमत अशी, की ते एका अर्थानं खरं बोलत होते. घरी येऊन दोन्ही टायर शेजारी ठेवले, चष्मा लावला. जुन्यावर लिहिलं होतं २६ × १.९५. नव्यावर २६ × १ ३/८. एक दशांशात, दुसरा अपूर्णांकात. शाळेत आपल्याला शिकवलं की अपूर्णांक आणि दशांश या एकाच आकड्याच्या दोन लेखनपद्धती आहेत. सायकलच्या जगात ती दोन वेगळी घराणी आहेत, त्यांची सोयरीक जमत नाही.

मग टायरच्या कडेला, उजेडात तिरपं धरल्याशिवाय दिसणार नाहीत इतके बारीक, आणखी आकडे सापडले. जुन्यावर ५०-५५९, नव्यावर ३७-५९०. पहिला आकडा टायरची जाडी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा रिमवर टायरची कड जिथं टेकते तिथला व्यास, तोही मिलिमीटरमध्ये. म्हणजे माझा नवा टायर रिमपेक्षा ३१ मिलिमीटरनं मोठा होता. सव्वा इंच! बायको 'ढगळ' म्हणाली ते शब्दशः खरं होतं.

मग दोघांवर २६ का लिहिलंय? कारण हे २६ म्हणजे हवा भरलेल्या टायरचा बाहेरून बाहेरपर्यंतचा व्यास, तोही ढोबळ. ५५९ मध्ये दोन्ही बाजूंचे पन्नास-पन्नास मिळवा : ६५९ मिलिमीटर, साधारण २६ इंच. ५९० मध्ये सदतीस-सदतीस मिळवा : ६६४, तेही साधारण २६ इंच. बाहेरून दोघे सारखेच, आत सव्वा इंचाचा फरक. असे लोकही आपल्या ओळखीचे असतात, पण तो विषय नको.

तर दुकानात इंच बोलूच नका. २६ ची माउंटन बाइक म्हणजे ५५९. साडेसत्तावीसची म्हणजे ५८४, आणि २९ ची म्हणजे ६२२. हा ६२२ रस्त्यावरच्या सायकलींच्या ७०० सी रिमचाच आकडा आहे. म्हणून २९ वाल्यांची चैन आहे, टूरिंगचे किती तरी टायर त्यांना चालतात. पण आपल्या वडलांची ती काळी सायकल, मागं दूधवाल्याच्या किटल्या लटकायच्या ती, तिचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५. तो '२८' बघून २९ वर चढवायला जाऊ नका. वर कोणी तरी सिलिंडर बघायला धावत येईल.

हा ५५९ आला कुठून? आयोजक घड्याळाकडे बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय माझा मुद्दा उभा राहत नाही. १९३३ मध्ये शिकागोच्या श्विन कंपनीनं अमेरिकेत फुग्यासारखे जाड टायर असलेल्या सायकली आणल्या. डोंगराशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. गावातल्या खडबडीत रस्त्यांवरून पोरांनी हुंदडावं, पेपर टाकावेत, यासाठी ते टायर होते. चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात काही उपद्व्यापी तरुणांनी याच जुन्या धूडसायकली भंगारातून उचलल्या आणि टॅमल्पाइस डोंगराच्या परिसरातल्या मातीच्या रस्त्यांवरून खाली सोडल्या. १९७६ मध्ये तिथं त्यांनी एक शर्यत सुरू केली, तिचं नाव रीपॅक. कारण त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, उलटं पायडल मारून लागायचा. एका उतारात आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर हब पुन्हा ग्रीसनं भरायला लागायचा. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्यातलीच मंडळी. त्यांच्या खेळातून माउंटन बाइक जन्मली आणि ५५९ ची रिम तिच्याबरोबर आली.

सांगायचं हे, की जाड टायर मुळात रस्त्याचा. तो डोंगरावर नंतर गेला. म्हणजे डांबरावर जाड टायर चालवताना आपण कुणाचा अपमान करत नाही.

आता दात डांबरावर काय करतात ते बघा. माझं आणि सायकलचं वजन मिळून नव्वद किलो. टायरमध्ये ४० पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस इंचाला ४० पौंड दाब. हिशेब केला तर दोन्ही चाकं मिळून जमिनीला साधारण ३२ चौरस सेंटिमीटर टेकतात. म्हणजे एका चाकाखाली काडेपेटीएवढी जागा. चांदणी चौकाच्या उतारावरून तुम्ही सुसाट येता ते दोन काडेपेट्यांवर बसून. आता त्या काडेपेटीत दात घाला. सगळं वजन चार-सहा टोकांवर येतं, टोकं वाकतात, सरळ होतात, पुन्हा वाकतात. तुम्ही पायडलमध्ये घातलेली ताकद त्या वाकण्यात जाते आणि ती घरघर ऐकू येते ती तुमच्याच घामाची. वळणावर तर कडेचे दात असे लचकतात, की सायकल चिखलातच आहे असं वाटतं. मातीत मात्र तेच दात रुततात, पकडतात. त्यांची जागा तिथं.

पुढच्या रांगेतल्या काकूंनी चिठ्ठी पाठवलीय : "खाचा नसलेला टायर पावसात घसरणार नाही का?" फार चांगला प्रश्न. मोटारीच्या टायरला खाचा लागतात, कारण तो रुंद आणि सपाट असतो, वेगात त्याच्याखाली पाण्याचा थर अडकतो. सायकलचा टायर गोलाकार, अरुंद, तो पाणी आपोआप बाजूला सारतो. विमानांच्या टायरसाठी नासाच्या संशोधकांनी एक सूत्र काढलं होतं, टायर किती वेगाला पाण्यावर तरंगायला लागेल याचं. त्यात ४० पीएसआय घातलं तर उत्तर येतं ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काकू, तुम्ही त्या वेगानं जात असाल तर आपण वेगळं बोलू. (हशा) पावसात घसरतात ते झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. त्यांवर दातही तितकेच घसरतात.

दुसरी चिठ्ठी आयोजकांची आहे. त्यात फक्त 'पाच' लिहिलंय. म्हणजे मूळ विषय आता सुरू करायला हवा.

तर भराभर सांगतो, ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा. महिनाभर तुमची माती मोजा, प्रामाणिकपणे. पाचात एक भाग किंवा कमी असेल तर मध्ये सलग गुळगुळीत पट्टा आणि फक्त कडेला छोटे दात, असा टायर घ्या. याला सेमी-स्लिक म्हणतात. सरळ जाताना पट्ट्यावर चालतो, मातीत थोडा रुतला की कडेचे दात कामाला येतात. माती निम्मी असेल तर दात असू देत, पण बुटके आणि मध्ये दाटीनं बसलेले. उंच, विरळ दात खोल मऊ मातीसाठी. आपल्याकडे वर्षातले आठ महिने मुरूम कडक असतो. आणि कडक मुरमावर सुटी बारीक खडी पडलेली असेल तर कुठलाच टायर वाचवत नाही, ती पायाखाली बॉल बेअरिंगसारखी फिरते. तिथं ब्रेक हळू. पावसाळ्यातल्या काळ्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. तिथं सायकल खांद्यावर.

जाडी पावणेदोन ते दोन पूर्णांक एक दशांश इंच. त्याआधी फ्रेममध्ये आणि मडगार्डखाली बोट जातंय का बघा. दोन वेगळे टायर घ्यायचे असतील तर दातवाला पुढं, गुळगुळीत मागं. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण थेट जमिनीवर. मागच्यावर वजन जास्त आणि जोरही त्याचाच, म्हणून तो लवकर झिजतो. त्यावरच्या महागड्या दातांचे पैसे डांबर खातं.

हवा. ही खरी फुकटची गोष्ट आणि हिच्यावर मला वीस मिनिटं बोलायचं होतं. माझ्यासारख्या सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसानं दोन इंची टायरला डांबरावर चाळीसच्या आसपास ठेवावी, माती लागली की उतरून अठ्ठावीस-तीसवर आणावी. ती काडेपेटी जवळजवळ दीडपट होते, टायर दगडांवर उड्या मारायचं सोडून त्यांना कवेत घेतो. फार कमी केलीत तर दगडाला रिम टेकते आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. परत डांबराला लागताना पुन्हा भरायची, म्हणून छोटा पंप सायकललाच बांधा. टायरच्या कडेवर जास्तीत जास्त हवेचा आकडा असतो. तो मर्यादा सांगतो, सल्ला देत नाही. पेट्रोल पंपावरच्या पोराला हे सांगून बघा.

काटे. पावसाळा संपला की वाटांच्या कडेला सराटे वाळतात, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळ्यात जास्त त्रास देतात. आत संरक्षक पट्टी असलेला टायर घ्या, थोडा जड चालेल. बाभळीचा लांब काटा तीही पट्टी भेदतो. सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, ट्यूबलेस... हो हो, संपवतो... ट्यूबलेस रिम त्यासाठीची असेल तरच. टायरवर बाण असतो, फिरण्याची दिशा, तो बघून चढवा. मी दोनदा उलटा चढवलाय.

बाहेर टेबलावर माझा, हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पंप ठेवलाय. जाताना ज्यांना हवा तपासून बघायचीय त्यांनी बघा, पण व्हॉल्व्हची टोपी पुन्हा लावा.

मागून कोणी तरी विचारतंय, त्या ३७-५९० चं काय झालं? दुकानदारांनी परत घेतला नाही. आमच्या नातवाकडे आहे. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात काठीनं पळवत असतो. त्याला रिम लागत नाही आणि हवाही लागत नाही.