आत्याबाईच्या मिशा आणि इंग्रजीतलं 'असतं तर'

(माहितीपटाचं निवेदन, इंग्रजी शिकवणाऱ्या मॅडमच्या आवाजात. दृश्य : संध्याकाळ. अमळनेर स्टेशनातून सुरतेच्या दिशेने निघालेली गाडी. रुळांपलीकडे कपाशी. मग गावातल्या एका जुन्या घराची माडीवरची खोली. काळा फळा, सतरंजी, पंधरा-सोळा मुलं-मुली.)

"मॅडम, एक विचारायचं होतं."

दारात उभी राहून ही मुलगी असं म्हणते, तेव्हा तिला जे विचारायचं ते आत्ताच विचारायचं असतं. तरी ती 'आहे' म्हणत नाही, 'होतं' म्हणते. तहसील कचेरीत हातात अर्ज घेऊन गेलेला माणूसही तसंच म्हणतो : "साहेब, जरा काम होतं." काम संपलेलं नाही, सुरूही झालेलं नाही. मग हा भूतकाळ आला कुठून?

पहिल्या दिवशी मी वर्गाला हेच विचारते. मुलं थोडा वेळ गप्प बसतात. मग कुणीतरी म्हणतं, "मॅडम, 'काम आहे' म्हटलं की अंगावर गेल्यासारखं वाटतं. 'होतं' म्हटलं की जरा लांबून."

जरा लांबून. मला हवा असलेला शब्द मुलांनीच दिलेला असतो. भूतकाळाचं रूप दर वेळी वेळ दाखवत नाही. कधी कधी ते अंतर दाखवतं. साहेबापासूनचं अंतर, किंवा जे खरं आहे त्यापासूनचं अंतर. ही एक गोष्ट पक्की झाली, की इच्छा आणि हळहळ इंग्रजीत कशी बोलायची, याचं निम्मं काम झालं.

(दृश्य : बाजारपेठेतला चौक. वाढदिवसाचे फलक, त्यांवर फोटोंच्या रांगा, खाली 'शुभेच्छुक'.)

पहिली अडचण या चौकातच उभी आहे. 'विश' हा शब्द आमच्या मुलांना लहानपणापासून ठाऊक आहे, पण तो शुभेच्छांचा. 'विश यू हॅपी दिवाळी.' त्यामुळे 'आय विश आय हॅड अ बायसिकल' हे वाक्य फळ्यावर लिहिलं, की मुलं त्याचा अर्थ लावतात, 'माझ्याकडे सायकल होती, त्याच्या शुभेच्छा.' यात हसण्यासारखं काही नाही. त्यांनी शब्द बरोबर ओळखला, 'हॅड' म्हणजे 'होती' हेही बरोबर ओळखलं. त्यांना ज्या नियमांनी शिकवलं, त्या नियमांनी हाच अर्थ निघतो. गाइडमध्ये एका ओळीचं सूत्र असतं, 'विश'नंतर भूतकाळ. का, ते कुणी सांगत नाही.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आलं. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. या मुलांकडे माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त इंग्रजी आहे. 'गो, वेंट, गॉन' त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. अडतं ते 'वेंट' केव्हा आणि 'गॉन' केव्हा, इथे.

म्हणून मी सूत्र बाजूला ठेवते आणि आत्याबाईला वर्गात बोलावते.

(दृश्य : फळ्यावर खडूने लिहिलेली ओळ : 'आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं.')

ही म्हण खानदेशातल्या कुठल्याही ओट्यावर ऐकू येते. कुणी जर-तरच्या गप्पा मारायला लागलं, की ती तोंडावर फेकली जाते. मी मुलांना एवढंच विचारते, आत्याबाईला मिशा आहेत का? नाहीत. मग 'असत्या' हे काय आहे? मागे कधी होत्या का? नाही. पुढे येणार का? तेही नाही. 'असत्या' हे रूप आजच्याबद्दलच बोलतं, पण जे खरं नाही त्याबद्दल. आपल्या व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणतात. नाव आठवलं नाही तरी चालतं, कारण रूप आधीच जिभेवर आहे.

आता सायकल. 'माझ्याकडे सायकल असती तर!' याचं इंग्रजी 'आय विश आय हॅड अ बायसिकल.' आत्ता नाही, आत्ता हवी. दुसरं वाक्य, 'मी तेव्हा सायकल घेतली असती तर!' याचं इंग्रजी 'आय विश आय हॅड बॉट अ बायसिकल.' तेव्हा घेतली नाही, आता ती वेळ गेली. मराठीत नुसतं 'असती' असेल, तर इंग्रजीत साधा भूतकाळ. मराठीत 'घेतली असती', 'गेलो असतो', 'बोललो असतो' अशी जोडी आली, तर इंग्रजीतही 'हॅड' आणि क्रियापदाचं तिसरं रूप अशी जोडी. 'मला पोहता येत असतं तर' आणि 'मला पोहता आलं असतं तर' यांतला फरक तापीकाठच्या मुलाला समजावून सांगावा लागत नाही. पहिलं वाक्य काठावर बसून म्हणता येतं. दुसरं म्हणणाऱ्याने त्या दिवशी पाण्यात काहीतरी पाहिलेलं असतं.

प्रत्येक वाक्याखाली मी मुलांना एक 'खरं वाक्य' लिहायला लावते. वर मनातलं, खाली खरं. वर 'आय विश आय न्यू द आन्सर', खाली 'आय डोंट नो द आन्सर.' खालचं वाक्य लिहिता आलं नाही, तर वरचंही समजलेलं नाही. ही माझी एकमेव परीक्षा.

मराठी सगळीकडे साथ देते असं नाही. आत्याबाईच्या म्हणीचा दुसरा तुकडाच फसवतो. 'काका म्हटलं असतं' हे आज म्हटलं असतं की तेव्हा म्हटलं असतं? मराठीला फरक पडत नाही, एकच रूप दोन्हीकडे चालतं. इंग्रजी मात्र इथे वाट वेगळी करतं. आजचं असेल तर 'वुड कॉल', गेलेल्या वेळेचं असेल तर 'वुड हॅव कॉल्ड'. मुलं मराठीवर विसंबून सगळीकडे 'वुड हॅव' लिहितात. हे मला दरवर्षी फळ्यावर निदान दहा वेळा लिहून दाखवावं लागतं.

आणि 'इफ ओन्ली'. हिंदी सिनेमामुळे मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, म्हणजे काश!" बरोबर आहे. पण आपल्याकडेही ते आहेच, फक्त ते वाक्याच्या शेवटी बसतं. 'थोडं आधी कळलं असतं तर...' आणि पुढचं वाक्य माणूस गिळतो. इंग्रजी ती हळहळ वाक्याच्या सुरुवातीला ठेवतं, आपण शेवटी, अर्धवट सोडून.

(दृश्य : दिवे जातात. काळोखात मुलांचे आवाज. मोबाइलच्या उजेडात फळा.)

लाइट गेली, की धडा थांबवायचा नसतो. 'वुड' शिकवायची हीच वेळ. 'आय विश द लाइट वुड कम बॅक.' जे आपल्या हातात नाही, दुसऱ्याने करावं किंवा आपोआप व्हावं असं वाटतं, तिथे 'विश'बरोबर 'वुड'. जूनच्या शेवटी आभाळाकडे बघून 'आय विश इट वुड रेन.' स्वतःबद्दल 'आय विश आय वुड' म्हणत नाहीत, कारण स्वतःचं करणं आपल्याच हातात. आणि उद्या पाऊस येईल अशी आशा अजून असेल, तर 'विश' नकोच, 'आय होप इट रेन्स टुमॉरो' म्हणायचं. ढग दिसतात तोवर 'होप'. शेतकऱ्यांची मुलं हा फरक विसरत नाहीत.

(दृश्य : फेब्रुवारीतलं शेत. वेचणी संपलेली, तरी उभी असलेली कपाशी. किडकी बोंडं.)

हळहळीची वाक्यं शोधायला आम्हाला पुस्तकात जावं लागत नाही. खानदेशात पाण्याची सोय असलेले शेतकरी मे महिन्यातच कापूस लावायचे. हंगाम संपल्यावरही पाणी देऊन तीच झाडं ठेवायची आणि आणखी थोडा कापूस काढायचा, ही फरदड. २०१७ साली महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. तेव्हापासून सांगितलं जातं, लागवड जूनआधी नको, फरदड नको, अळीला वर्षभर खायला मिळू देऊ नका.

एका मुलाने घरचं वाक्य आणलं. वडील रोज म्हणत होते, "फरदड ठेवायला नको होती." त्याने इंग्रजी केलं, 'यू शुड नॉट हॅव केप्ट द ओल्ड कॉटन.' व्याकरणात चूक नव्हती. मी त्याला म्हटलं, हे वाक्य वडिलांना वाचून दाखवशील का? तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "बापाला असं नाही म्हणवत, मॅडम."

'शुड हॅव' हे बोट दाखवतं. ते स्वतःकडे वळवलं तर पश्चात्ताप, दुसऱ्याकडे वळवलं तर ठपका. पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यात 'आय, वी, यू, दे' एकाखाली एक सारखेच छापलेले असतात, पण घरात ते सारखे नसतात. त्या मुलाने वाक्य बदललं : 'आय विश वी हॅड पुल्ड इट आउट इन डिसेंबर.' डिसेंबरमध्येच उपटली असती तर. 'यू'चं 'वी' झालं, आणि तोही वडिलांच्या शेजारी उभा राहिला.

(दृश्य : वह्यांचा गठ्ठा. लाल पेन. निवेदन थोडं थांबून.)

एक गोष्ट सांगते. ही माझी चूक आहे, आणि अजून टोचते.

काही वर्षांपूर्वी मी अकरावीच्या मुलांना 'विश'वर पाच वाक्यं लिहायला दिली. एका मुलाने लिहिलं, 'आय विश आय टॉक्ड टु माय ग्रँडफादर.' त्याचे आजोबा पंधरा दिवसांपूर्वी गेले होते, हे मला माहीत होतं. गावातच राहते मी. मी लाल पेनने 'टॉक्ड'च्या आधी 'हॅड' घातलं, पाचापैकी चार गुण दिले आणि पुढची वही घेतली.

दुरुस्ती बरोबर होती. 'टॉक्ड' म्हटलं, तर आजोबा आहेत, मी बोलत नाही, बोलायला हवं, असा अर्थ होतो. 'हॅड टॉक्ड' म्हटलं, की आजोबा नाहीत. म्हणजे त्या तीन अक्षरांनी मी त्याच्या वाक्यात आजोबांना नेलं, आणि वहीच्या समासात एक शब्दही लिहिला नाही. कदाचित त्याची चूक झालीच नव्हती. कदाचित पंधरा दिवसांत त्याचं मन अजून 'हॅड'पर्यंत पोचलं नव्हतं. मी विचारायला हवं होतं.

तेव्हापासून मी मुलांकडे खरी हळहळ मागत नाही. सायकलीची मागते, हुकलेल्या एस.टी.ची मागते, डब्यात विसरलेल्या ठेच्याची मागते. 'आय शुड हॅव लेफ्ट अर्लियर.' रूप पक्कं व्हायला एवढं पुरतं. ज्याला मोठं काही सांगायचं असतं, तो आपल्या वेळी वही घेऊन येतो. तेव्हा आधी ऐकायचं. क्रियापद नंतर.

(दृश्य : आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. झाडाला बांधलेले झोके, माहेरी आलेल्या लेकी, गौराईची गाणी. चुलीवर उलट्या खापरावर पसरलेली पुरणपोळी.)

आखाजीच्या सुट्टीत मी एकच काम देते. घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईला विचारा, काय करायचं राहिलं? ती जे म्हणेल ते अहिराणीत जसंच्या तसं लिहून आणा. मग त्याचं इंग्रजी आपण मिळून करू.

सुरुवातीला दारात उभी होती, त्या मुलीच्या आजीने तीन शब्द सांगितले. "माले शिकनं व्हतं."

वर्गात फळ्यावर ते लिहिलं. पहिला प्रयत्न आला, 'आय विश आय हॅड स्टडीड.' सूत्रात अगदी बसणारा. बहुतेकांनी माना डोलावल्या. ही मुलगी मात्र म्हणाली, "नाही मॅडम. याने असं वाटतं, की आजीच शिकली नाही. शाळा होती, ती गेली नाही. तिला तर सातवीचं वय व्हायच्या आत उजवून टाकली."

वीसेक मिनिटं आम्ही त्या एका ओळीवर होतो. 'आय वॉन्टेड टु स्टडी' हे शब्दाला शब्द जुळत होतं, पण त्यात पुढे काय झालं ते येत नव्हतं. 'दे शुड हॅव...' असं कुणीतरी सुरू केलं आणि थांबलं. कारण 'दे' म्हणजे आजीचे आई-बाप, आणि त्यांच्याबद्दल आजी एक वावगा शब्द बोललेली नाही. शेवटी तिने स्वतः खडू घेतला.

'आय विश दे हॅड लेट मी स्टडी.'

शिकू दिलं असतं तर.

(दृश्य : धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घराचा ओटा. आजी शेंगा फोडते आहे. नात शेजारी वही घेऊन.)

त्या संध्याकाळी आम्ही कॅमेरा घेऊन तिच्या घरी गेलो. तिने ते वाक्य आजीला इंग्रजीतून वाचून दाखवलं, मग अहिराणीतून समजावून सांगितलं. आजीचे हात चालूच होते. सगळं ऐकून घेतल्यावर तिने फक्त विचारलं, यातला 'शिकनं' कुठला?

नातीने 'स्टडी'वर बोट ठेवलं. आजीने शेंगांचं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि वही मांडीवर ओढून घेतली.